गुऱ्हाळापुढचा काळा ढीग

हातकणंगले

कोल्हापूरला निघालो तेव्हा नागपुरातल्या परिचितांनी देवीचे दर्शन, चपला आणि रस्सा यांची आठवण करून दिली. माझे काम वेगळे होते. पीएच.डी. झाल्यावर तरुण शास्त्रज्ञ पुढे काय करतात, आणि कोल्हापूरसारख्या शहरातून त्यांतले इतके जण परदेशी प्रयोगशाळांत कसे पोहोचतात, यावर रविवारच्या पुरवणीसाठी मजकूर हवा होता. नवे शतक सुरू होऊन काही वर्षे झाली होती. परदेशी जाणारा मुलगा म्हणजे संगणकवाला, असा आमच्याकडे सरसकट समज होता. कोल्हापुरातून जाणारे मात्र काचेवर सौरविजेचे थर चढवणारे, पिकांच्या काडीकचऱ्यापासून नवे पदार्थ करणारे, मातीतल्या जिवाणूंवर काम करणारे होते.

गाडी मिरजेनंतर रिकामी होत गेली. हातकणंगल्याला एक गृहस्थ चढले, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. समोर बसताच त्यांनी चौकशी सुरू केली. आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलायला निदान एखादे स्टेशन जावे लागते. इथे पिशवी खाली ठेवायचाही अवकाश नव्हता.

"पावणं कुठलं?"

"नागपूरचा."

"लई लांबनं आलाय की! कुणाकडं?"

विद्यापीठात जायचे आहे, संशोधन करणारी मुले परदेशात कशी जातात ते बघायचे आहे, असे सांगितले. त्यांना यात नवल वाटले नाही.

"कोरियात जात्यात," ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्याचं पोरगं हाय तिकडं. पोस्ट-डॉक करतंय."

हा शब्द मला माझ्या संपादकांना समजावून सांगावा लागला होता. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षे दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत पगारी संशोधन करायचे आणि त्यावर स्वतःचा विषय उभा करायचा, याला पोस्ट-डॉक म्हणतात. पटकेवाल्यांना तो ठाऊक होता.

"कसं आहे म्हणतो तिकडे?"

"माणसं बेस हायत म्हणं. काम बी मरणाचं. खरं चटणी न्हाय तिकडं. त्येची आई रडती हितं चटणी कांडताना, पोराला काय मिळत आसंल म्हून. बरण्याच्या बरण्या धाडल्यात."

चटणी म्हणजे इथला कांदा-लसणाचा मसाला, आणि 'खरं' म्हणजे 'पण'. रुकडीचा पूल येईपर्यंत त्या मुलाच्या जेवणाची, पगाराची आणि तिथल्या थंडीची माहिती मिळाली. तो नेमके कशावर संशोधन करतो, हे विचारल्यावर मात्र ते एवढेच म्हणाले, "काचंवर कायतरी फासतंय."

विद्यापीठाचा माळ

पटकेवाल्यांनी केलेले त्या मुलाच्या कामाचे वर्णन चुकीचे नव्हते, हे विद्यापीठात कळले. माळावर लांबच लांब पसरलेले आवार, दगडी इमारती, वाऱ्याला अडवणारे काही नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थी खरोखर काचेच्या पट्ट्यांवर रसायनांचे थर चढवत होते. साधने साधी होती. एका भट्टीचे दार तारेने बांधलेले होते आणि गरम पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातून आल्यासारखे दिसत होते. भारनियमनामुळे वीज कधी जाणार हे आधी पाहूनच भट्टी लावायची, हा तिथला शिरस्ता होता.

विभागातले प्राध्यापक शिंदे उंच, आडवे, आणि आवाजाने प्रयोगशाळेच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हजर असणारे गृहस्थ. त्यांनी एका कपाटाचे कुलूप काढून आत नीट रचलेल्या काचा दाखवल्या. काचेच्या एका बाजूने वीज वाहू शकते. अशी काच महाग असते आणि तिच्यावाचून यांचे काम अडते.

"आमच्याकडनं बाहेर गेलेलं पोरगं सुट्टीला आलं, की आधी इथं येतं," शिंदे म्हणाले. "मिठाई नाही, चॉकलेट नाही. काच. तिथल्या सरांकडनं उरलेले तुकडे मागून आणतात. एकानं तर सगळे कपडे तिथंच टाकले आणि बॅगेत काच भरून आणली. आई ओरडली त्याची."

नागपुरात परदेशातून आलेला मुलगा गल्लीत चॉकलेटे वाटतो, एवढेच मी पाहिले होते. त्या कपाटातल्या काचेवर काम करून पुढची मुले शोधनिबंध लिहितात, त्या बळावर परदेशी जातात, आणि येताना काच आणतात. ही व्यवस्था कोणी ठरवून बसवलेली नव्हती, तरी ती चालू होती. मला ती थोर वाटली.

तिथेच डॉ. गिरिजा मगदूम यांची ओळख झाली. सीमेलगतच्या गावातल्या शेतकरी लिंगायत घरातल्या, घरात कन्नड, बाहेर मराठी, आई ती अव्वा. पीएच.डी. नुकतीच झाली होती. त्यांचा विषय काच नव्हता. त्या रस काढलेल्या उसाच्या चिपाडाच्या कोळशात वीज साठवत होत्या.

त्यांनी ते करूनच दाखवले. बिस्किटाएवढ्या दोन काळ्या चकत्या, मध्ये ओला कागद, दोन तारा. काही वेळ वीज भरली, मग तारा सोडवून एका चिमुकल्या दिव्याला जोडल्या. दिवा लागला. त्याच वेळी चहा आला. चहा पिऊन झाला, कप परत गेले, तरी दिवा चालू होता.

"कोळशाला बारीक छिद्रं असतात," गिरिजाताई म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक. वीज त्यांच्यात बसते. छिद्रं जास्त, तेवढी जागा जास्त. हा कोळसा एका गुऱ्हाळावरचा आहे. तिथनं आणते, धुते, इथं भट्टीत तापवते. दुसऱ्या कुठल्याच कोळशाचा दिवा एवढा चालत नाही."

"का?"

"ऊस चांगला आहे तिथला, असं आम्ही समजतो." त्या पुन्हा म्हणाल्या, "समजतो."

दुसऱ्या दिवशी कोरियातले एक प्राध्यापक, हान, येणार होते. त्यांच्याकडे पोस्ट-डॉकची एक जागा होती, शेतीतल्या टाकाऊ मालापासून वीज साठवणारे पदार्थ करण्यासाठी. ते देशातल्या तीन ठिकाणी उमेदवार पाहणार होते आणि कोल्हापूर शेवटचे होते. त्यांची एकच अट होती. कोळसा कुठून येतो तिथपासून दिवा लागेपर्यंत सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवे.

गिरिजाताईंची शिष्यवृत्ती संपली होती. निपाणीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाने शिकवायला बोलावले होते आणि आठवड्याच्या आत उत्तर हवे होते. ती नोकरी वाईट नव्हती, पण तिथे भट्टी नव्हती. हान यांनी निवडले नाही, तर हे काम त्या दिव्यापाशी थांबणार होते.

"घरचे काय म्हणतात?" मी विचारले.

"अव्वा म्हणते, जा. अप्पा म्हणतात, कोळशासाठी एवढं लांब कशाला, कोळसा आपल्या घरात आहे."

गुऱ्हाळ

कळंब्याचा तलाव आणि तुरुंगाची भिंत मागे टाकून गारगोटीच्या रस्त्याने पुढे गेलो की उसाच्या शेतांत अधूनमधून धुराच्या रेषा दिसतात. जानेवारी होता, हंगाम भरात होता. प्राध्यापक हान गाडीत शिंदे यांच्याशेजारी बसले होते. बारीक, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. खिडकीची काच खाली करून ते गुळाचा वास घेत होते.

गुऱ्हाळ तानाजी चौगुले यांचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गाडी वळली तशी गिरिजाताई पुढे झुकल्या आणि मग एकदम मागे टेकल्या.

गुऱ्हाळापुढे मांडव घातला होता. जमीन शेणाने सारवली होती. तिच्यावर रांगोळी, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर खुर्च्या, आणि हान यांच्या खुर्चीवर कुणाच्या तरी लग्नातली मखमली गादी. अण्णा पांढरे कपडे, गुलाबी फेटा घालून हात जोडून उभे होते. शेजारी जाळ घालणारा भिवा, त्याच्याही अंगात धुतलेला सदरा.

"आण्णा," गिरिजाताई खाली उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "हितला ढीग कुठं हाय?"

"कंचा ढीग?"

"चुलवाणापुढचा. काळा."

"त्यो व्हय!" अण्णांनी हसून हात झटकला. "काल दिसभर त्येच केलंय. चार गडी लावलतं. फॉरेनचं पावणं येणार आनि तोंडासमोर ती घाण? सगळा भरून ट्रॉलीनं शेतात इस्कटला, वर पाणी सोडलं. बघ कसं लख्ख झालंय!"

चुलवाण म्हणजे गुळाच्या काहिलीखालची, त्या मोठ्या कढईखालची भट्टी; तिच्यात चिपाडे जाळतात. तिच्या तोंडापुढे दोन हंगाम साठलेला कोळशाचा ढीग, ज्यातून गिरिजाताईंचे सगळे नमुने आले होते, तो ओल्या मातीत मिसळला होता. त्यांनी शिंदे यांच्याकडे पाहिले. शिंदे यांचा आवाज त्या दिवशी प्रथमच खाली आला.

"ताजा घे," ते म्हणाले. "ऊस तोच आहे की."

आज काहील उतरेल तेव्हाचा कोळसा घ्यायचे ठरले. तोवर पाहुणचार झाला. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस, काकवी आणि गरम गूळ दिल्यावाचून सोडत नाहीत आणि त्याचे पैसे घेत नाहीत. वाटेने जाणारा अनोळखी माणूससुद्धा याला अपवाद नाही. आमच्याकडे संत्र्याच्या बागेत शिरलेल्या माणसाला आधी कोण, कुठला हे सांगावे लागते. अण्णांनी मला नावही विचारले नव्हते, आणि माझ्या हातात तिसरा पेला आला होता.

जेवण शेतातच झाले. भाकरी, वांगे, दही, आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. अण्णांनी हान यांच्यापासून खर्डा लांब ठेवला होता. हान यांनी हात लांबवून तो घेतला, भाकरीवर नीट पसरला आणि खाल्ला. परत घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा भिवा कामावरून उठून बघायला आला.

"आण्णा, ह्यो पावना आपल्यातलाच हाय," तो म्हणाला.

मी सावजी रश्श्यावर वाढलेला माणूस आहे. त्या भरवशावर मीही तेवढाच खर्डा घेतला आणि पुढचा काही वेळ विहिरीकडे तोंड करून खोकत बसलो.

"नागपूरकर," अण्णा पाठीमागून म्हणाले, "दही हाय बरं का. फॉरेनच्या पावण्याला नगं झालंय, तुमी घ्या."

पाक तयार होत आला, तसे भिवाने जाळ कमी करायला चुलवाणातले निखारे लांब दांड्याने बाहेर ओढले. नव्या कोऱ्या बादलीतले विहिरीचे पाणी त्यांच्यावर ओतले. वाफ उठली. गिरिजाताईंनी तो कोळसा हान यांच्यासमोर पोत्यात भरला.

दिवा

कोळसा धुऊन, वाळवून, भट्टीत घालून, दाबून चकत्या करेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. हान सगळा वेळ स्टुलावर बसून होते. वीज भरली, तारा जोडल्या. दिवा लागला. चहावाल्याने पहिला कप भरला, आणि दुसरा भरायच्या आत दिवा मंदावून विझला.

गिरिजाताईंनी पुन्हा वीज भरली. पुन्हा तसेच झाले. कपाटातला जुना नमुना काढून, वीज भरून जोडला, तर दिवा तेजात चालू राहिला. दोन्ही चकत्या शेजारीशेजारी होत्या. दिसायला सारख्याच काळ्या.

हान यांनी जुन्या चकतीकडे बराच वेळ पाहिले. मग ते इंग्रजीत सावकाश बोलले. त्याचा अर्थ असा, की जुना नमुना फार चांगला आहे, असा त्यांनी दुसरीकडे पाहिला नाही. पण जो पुन्हा करता येत नाही तो पदार्थ नव्हे. तो एक ढीग होता, आणि ढीग संपला.

त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. उद्या संध्याकाळच्या गाडीने आपण निघणार आणि निवड त्यापूर्वी सांगणार, एवढे ते म्हणाले आणि गिरिजाताईंना लवून नमस्कार करून गेले.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या फोनच्या बूथमधून गिरिजाताईंनी घरी फोन केला. बोलणे कन्नडात झाले. मला त्यातला 'अव्वा' एवढाच शब्द कळला. बोलणे लहान होते आणि शेवटी त्या हसल्या. बाहेर आल्यावर हसू नव्हते.

"सांगितलंत?"

"सांगितलं, पाहुणे खूश आहेत. खर्डा खाल्ला म्हणून सांगितलं." मग म्हणाल्या, "चला, गुऱ्हाळावर जाऊन येऊ. आत्ता."

पुन्हा गुऱ्हाळ

या वेळी कोणी आमची वाट पाहत नव्हते. मांडव निघाला होता. अण्णा बनियनवर होते. गिरिजाताई एक रिकामी पाटी, मोठी टोपली, पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि त्यांनी सरळ विचारले, "आण्णा, त्या ढिगात काय पडायचं?"

"काय पडणार? कोळसा."

"आनि?"

"आनि काय न्हाय. भिवा चूळ भरतोय तिथं."

"मी न्हाय, आण्णाच थुकत्यात," भिवा चुलवाणामागून म्हणाला.

"गप! शेळी बांधायचा कोण?"

"शेळी बी ह्येंचीच."

दोघांनी त्या ढिगाचा इतिहास मांडला. शेळी, पावसाचे पाणी, एकदा सांडलेले रॉकेल, फुटलेली मडकी. प्रत्येक गोष्टीवर त्यांचे एकमत होत नव्हते आणि शेळीवरून बरेच लांब गेले. गिरिजाताई ऐकत राहिल्या. त्या नेहमी दुपारी, काहील उकळत असताना येत आणि पोते भरून जात. काहील उतरताना त्या कालच प्रथम थांबल्या होत्या, तेही मांडवात.

आता काहील उतरायची वेळ झाली. भिवाने निखारे ओढले. पाण्याची बादली दिसत नव्हती. बाजूला एक पत्र्याचा डबा होता. उसाचा रस उकळताना चुन्याची निवळी आणि ठेचलेल्या भेंडीचे पाणी घालून त्यातली घाण वर आणतात. तो काळपट फेस झाऱ्याने काढून डब्यात टाकतात. त्याला गुऱ्हाळावर मळी म्हणतात. भिवाने तो डबा उचलला आणि मळी निखाऱ्यांवर ओतली. दाट, आंबूस धूर उठला. विझलेला कोळसा त्याने दांड्याने पुढे लोटला. नव्या ढिगाची ती सुरुवात होती.

गिरिजाताई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"भिवामामा, हे काय वतलं?"

"मळी."

"रोज मळीच वततासा?"

"मग? हीर लांब हाय. मळी हितंच आसती. फेकायचीच हाय, मग ईस्तू तरी इझवावा."

"मग काल पाणी का?"

भिवाने अण्णांकडे बघितले. अण्णांनी खांदे उडवले. "काल पावणं हुतं की! मळीला वास किती मारतोय. माशा घोंगावत्यात. पावण्याच्या नाकासमोर मळी वतू? मीच म्हनलं ह्याला, आज हिरीचं पाणी घे, बादली बी नवी आनली."

गिरिजाताईंनी मटकन पाटीवर बसून दोन्ही हात डोक्याला लावले आणि हसू लागल्या. भिवा घाबरला. मग त्यांनी मला समजावून दिले. मळीत चुना असतो, झाडांतले क्षार असतात, साखर असते. लाल निखाऱ्यावर ओतली की ती कोळशाच्या आत शिरते. प्रयोगशाळेत तो कोळसा पुन्हा तापतो तेव्हा हा चुना आणि क्षार त्याला आतून पोखरतात. तीच ती बारीक छिद्रे. कोळशात चुना सापडत होताच. शेतातल्या मातीचा असेल म्हणून त्यांनी तो दर वेळी धुऊन टाकला होता; धुतला जात होता तो वरचा, आत मुरलेला राहत होता. ऊस सगळीकडे तोच होता.

हे खरे की नुसता तर्क, ते दिवाच सांगणार होता.

त्यांनी आत्ताचा कोळसा भरून घेतला. पण हान यांची अट होती, सगळे त्यांच्या समोर झाले पाहिजे. म्हणजे उद्या पहाटेच्या काहिलीला ते इथे यायला हवेत, आणि गुऱ्हाळ आहे तसे असायला हवे.

"न्हाय," अण्णा म्हणाले.

"आण्णा—"

"माशात बसवू पावण्याला? एकदा गादीवर बसवलाय, आता मळीच्या वासात? गावात तोंड दाखवायचं का न्हाय मला? झाडतो, सारवतो, मांडव नगं तर नगं. खरं एवढं तरी करणार."

"झाडलंसा तर मी कुठं जात न्हाय. हितंच ऱ्हाते. रोज येऊन रस पिते."

"पी की! कोण न्हाय म्हणतंय?"

"आण्णा, जाऊ द्या तिला," भिवा म्हणाला. "रोज आली तर गुळाला रस उरायचा न्हाय."

अण्णा हसले नाहीत. इथल्या माणसाला पाहुण्यासाठी काही करू नको म्हणणे किती जड जाते, ते तेव्हा कळले. ते विहिरीपर्यंत गेले, परत आले.

"फेटा तरी बांधू का?"

"बांधा."

माशा

पहाटे धुके होते. रात्रीच निरोप दिलेल्या हान यांना घेऊन गाडी थांबली तेव्हा अण्णा गुलाबी फेटा बांधून चुलवाणाजवळ उभे होते. त्यांच्याभोवती सगळे तसेच होते. डबा, चिपाडे, ओली राख, शेळी. ते हान यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

गिरिजाताईंनी हान यांना सगळे सांगितले. पाणी का ओतले गेले, तेही सांगितले. हान यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, बसायला इकडेतिकडे पाहिले आणि पालथ्या पाटीवर बसले. भिवाने मळी ओतली. धूर सरळ त्यांच्या अंगावर गेला. ते उठले नाहीत. डोळे पुसून त्यांनी गिरिजाताईंना काहीतरी सांगितले.

"काय म्हनत्यात?" अण्णांनी हळूच विचारले.

"त्येंच्या ल्हानपणी घरात भाताच्या पेंढ्याचा जाळ आसायचा म्हणं. आसाच डोळ्यात जायाचा," गिरिजाताई म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी स्वतः रसाचा पेला भरला आणि त्यावर तळहात धरून, माशा बसू न देता, हान यांच्या हातात दिला.

प्रयोगशाळेत दुपारी वीज जाणार होती. भट्टी त्याआधी लावून, उतरवून, चकत्या तयार झाल्या. निघायच्या तयारीत हान यांची बॅग दाराशी होती. शिंदे खिडकीत उभे राहून बाहेर बघत होते. गिरिजाताईंनी तारा जोडल्या.

दिवा लागला. चहा आला. कप भरले गेले. कोणी चहाला हात लावला नाही. मग हान यांनी कप उचलला आणि सावकाश संपवला. दिवा चालू होता. त्यांनी दुसरा कप मागितला.

"आणखी आण रे!" शिंदे यांचा आवाज परत आला.

दुसरा कप संपला तरी दिवा चालू होता. हान यांनी विचारले, की आमच्याकडे ऊस नाही आणि मळी नाही, मग हे तिथे कसे करणार? गिरिजाताई म्हणाल्या, की मळीतले नेमके काय काम करते ते मला अजून माहीत नाही, ते तिथे शोधावे लागेल.

"हाच प्रश्न घेऊन या," हान म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. गिरिजाताईंच्या हाताला कोळसा लागलेला होता. त्या तो पदराला पुसू लागल्या, पण हान यांनी तसाच धरला.

परत

परतीच्या गाडीत माझ्या बॅगेत अण्णांनी बळेच दिलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, होता आणि शिंदे यांनी दिलेली खर्ड्याची बाटली. मजकूर पुरवणीत आला. पोस्ट-डॉकच्या जागा, शिष्यवृत्त्या, कुठल्या देशात कुठल्या विषयाला वाव, हे सगळे त्यात होते. शेतातला पाला, चिपाड, राख यांवर चाललेल्या कामाला पुढे मागणी वाढणार, असे मी लिहिले होते. ते सगळे कोल्हापुरातच पाहिलेले होते. तारेने बांधलेल्या दाराच्या भट्टीतून एवढी माणसे जगभर जातात आणि काच घेऊन परत येतात, याचे मला आजही नवल वाटते.

पुढच्या हंगामात गिरिजाताईंचा ई-मेल आला. त्यांनी मळीचे घटक वेगळे केले होते. चुना आणि एक क्षार ठरलेल्या प्रमाणात घातला, की भाताच्या पेंढ्याचा कोळसासुद्धा तसाच चालतो. मळीची गरज उरली नव्हती. थंडी खूप आहे, चटणी लागत नाही, इथल्या लोकांकडे स्वतःची आहे, असेही त्यांनी लिहिले होते.

ही बातमी सांगायला मी अण्णांना फोन लावला.

"पावणं, जेवलासा काय?" हा पहिला प्रश्न. मग त्यांनीच सांगितले, "तुमचा ढीग हाय तसा हाय बरं का. कुणाला हात लावू दिलेला न्हाय. एवढा झालाय! माशा म्हंजे इचारू नका. बायकू रोज भांडती, सून भांडती. भिवाला सांगून ठेवलंय, झाडू घेऊन तिकडं गेलास तर तंगडं मोडीन."

अण्णा, त्या ढिगाची आता गरज नाही, गिरिजाताईंनी मळीशिवाय कोळसा केला आहे, असे मी सांगितले. त्यांना ते नीट समजावे म्हणून दोनदा सांगितले.

"तिला नसंल लागत," अण्णा म्हणाले. "खरं हानसायेब त्या पहाटं निघताना परत येतो म्हनलाय. आला, आनि ढीग न्हाय बघितला, तर आमाला काय म्हनंल?"